मास्तरांचा चढता आलेख

शिंपीमास्तरांचा डावा अंगठा टेबलावरून जेमतेम तीन मिलिमीटर उचलला जायचा. मी मोजपट्टी लावून पाहिलं होतं. पक्षाघातानंतर हात पुन्हा कामाला कसा लागतो, हा माझ्या संशोधनाचा विषय. म्हणून हालचाली मोजणारा एक पट्टा मी त्यांच्या डाव्या मनगटावर बांधला आणि रोज सकाळी तीन तास व्यायाम सांगितला.

सहा आठवड्यांत आकडे असे चढले, की एरवी प्रयोगशाळेत खोकतानाही आवाज न करणारी मी आलेख घेऊन सगळ्यांच्या टेबलांवर फिरून आले. एका सकाळीत अकरा हजार हालचाली! एवढ्या माझ्या धडक्या हाताने तरी होतील का, अशी शंका आली होती. मी तिला बसायला खुर्ची दिली नाही.

उलट मास्तरांच्या मुलाला छातीठोकपणे सांगितलं, की बाबा महिन्याभरात कात्री धरतील. तो वर्षभर दुकान विकायच्या मागे होता आणि मास्तर ‘हाताचं कळू दे, मग सांगतो’ म्हणून टाळत होते. माझ्या शब्दावर त्याने घेणाऱ्याला थांबवलं.

मग प्रयोगशाळेच्या बैठकीत दाखवायला चित्रफीत हवी, म्हणून एका सकाळी मी न कळवता मुलाला घेऊन दुकानात गेले. मास्तरांच्या पत्नी, काकू, पायाचं शिलाई मशीन चालवत होत्या. मास्तर शेजारी बसून त्यांच्या शिवणीत चुका काढत होते. आणि माझा पट्टा मशीनच्या चाकाला गुंडाळलेला, गरगर फिरत होता!

सुधारणा झाली होती, यात वाद नाही. काकूंच्या पायांत.

“पहिल्या आठवड्यात आकडा बघून तुमचं तोंड एवढंसं झालं, ताई,” मास्तर म्हणाले. “मला बघवलं नाही.”

काकूंनी घाबरून मशीन आणखी जोरात हाणलं. त्या दिवसाचा आकडा आजही विक्रमी आहे.

मुलगा म्हणाला, म्हणजे हात होता तिथेच आहे, आता घेणाऱ्याला बोलावतो. माझा पुरावा अजून फिरतच होता.

मास्तरांनी एक कोट पुढे ओढला. डाव्या अंगठ्याखाली बटण दाबलं, उजव्या हातात सुई घेतली. बटण निसटलं. चारदा निसटलं. मुलगा धरायला पुढे झाला, तेव्हा काकूंनी मशीन थांबवून त्याला मागे खेचलं. पाचव्यांदा सुई थेट अंगठ्यात गेली.

“लागलं,” मास्तर खूश होऊन म्हणाले. “म्हणजे अजून माझाच आहे.”

अकरा मिनिटं. एक बटण, जरा वाकडं, पण पक्कं. मी ओढून पाहिलं. सबंध प्रयोगातलं हे एकमेव खरं निरीक्षण, आणि त्याची नोंद शून्य, कारण पट्टा चाकावरच होता!

मास्तरांनी दातांनी दोरा तोडला आणि मुलाकडे पाहिलं.

“दुकान विकायचं नाही. त्या माणसाला आजच सांग.”