कंट्रोलची शुगर

मी आता जे सांगून राह्यली, त्यातला एक शब्द जरी तुले खरा वाटला ना, तं मी तुले चहा पाजतो. बिनसाखरेचा. दात नको काढू, त्याच्यातच सारी गोष्ट हाय.

माहा नातू अमरदीप, देवमनचा पोरगा. वाशिमले एका दुकानात कॉम्प्युटरवर बसते. पोट्टं लय भित्रं. (माह्यावर नाही गेलं. मी फक्त पालीले भेतो. अन सुनेले.) देवमन कापसाच्या जिनिंगवर नोकरीले, तं तिथल्या दवाखान्याच्या पालिशीत पोराचं बी नाव होतं. त्याले पंचवीस वर्सं पुरे झाले अन नाव कटलं. त्याच आठवड्यात त्याच्या दोस्ताले, लखनले, डेंगू झाला. आठ दिवस अकोल्याच्या दवाखान्यात. लखन चांगला होऊन आला, पन बिलापायी बापाचं ट्रॅक्टर इकल्या गेलं. तवापासून मच्छर दिसला की अमरदीप खाटेवर चढे.

"आजी, मले काही झालं तं बाबा काय इकन? आपल्याकडं तं ट्रॅक्टरबी नाही!"

"मले इकू," मी म्हनलं.

"तुले कोन घेते!"

मंग त्यानं सोताची पालिशी काढाचं ठरवलं. वर्साचे सात हजार. चार महिने पोट्ट्यानं बसस्टँडवरची कचोरी सोडली, गाडी घरी ठेवून आमच्या मेडशीहून यष्टीनं गेलं, तवा कुठं पैसे जमले. कंपनीवाले म्हने, एक फोन येईन, तब्येतीचं इचारतीन, मंग पालिशी पक्की.

फोन आला तवा थो न्हानीत होता. मी उचलला. (आमच्या घरात मले फोन उचलाची बंदी हाय. मागं देवमनच्या साहेबाले मी 'देवमन साधू होऊन निंगून गेला' असं सांगतलं होतं. गंमत म्हून.)

"हॅलो, अमरदीप सर बोलताय का?"

आमच्याकडं बाया बी 'बोलतो'च म्हंतात, वरतून माहा आवाज मिसरीनं घोगरा. "बोलतो," मी म्हनलं. जनमात पयल्यांदा कोनी मले सर म्हनलं, मी कायले सोडू?

"सर, शुगर आहे का?"

आता शुगर म्हंजे कोनता आजार, थे मले मालूम नाही काय? शेजारच्या तुळसाबाईच्या पायाचा अंगठा त्यानंच गेला. पन जिभेले खाज सुटली. "हाय ना बाई!"

"कंट्रोलमध्ये आहे ना?"

"हाव, कंट्रोलमधूनच आनतो!" रेशनच्या दुकानाले आमी कंट्रोलच म्हनतो.

"दम वगैरे लागतो का सर?"

"आनाले गेलं की लागते. लाइन लय मोठी रायते."

पोरीनं टकटक सारं लेहून घेतलं, 'थँक्यू सर' म्हनलं अन फोन ठेवला. मी पदर तोंडात कोंबून हासली.

दोन दिवसानं मोबाइलवर कागद आला. थो वाचून पोट्टं ओट्यावरच पांढरं पडलं. कंपनीनं लेहलं होतं, तुमाले डायबिटीस हाय, दम्याची शंका हाय, आता सात नाही, तेरा हजार लागतीन.

"आई, कंपनीले कसं समजलं वं?" थो निताले म्हने. "मले खरंच रोज तहान लागते!"

"मे महिना हाय बापू. साऱ्या गावाले लागते."

मी सांगनारच होती. पन सुनेच्या हातात उलथनं होतं. मी भाजी निवडाले बसली.

त्यानं चहा सोडला, भात सोडला. सकाळी उठला की पायाचे अंगठे पाहे, हायेत का म्हून. तवर मले हासूच येत होतं. तिसऱ्या दिवशी थो माह्याजवळ येऊन बसला. हळूच म्हने, "आजी, तेरा हजार माह्याच्यानं होत नाही. राहू दे पालिशी. मले काही झालं तं दवाखान्यात नेऊ नका. घरीच ठेवजा."

माहं हासू पोटातच मेलं. लखनच्या दारातली ट्रॅक्टरची खाली जागा डोयापुढं आली. पोराले खरंच काही झालं तं? अन कारन काय, तं बुढीची जीभ!

"अमर," मी म्हनलं, "थे शुगर तुही नाही रे. कंट्रोलची हाय."

सारं सांगतलं. निताच्या हातून उलथनं पडलं. (थे उचलाले वाकली, तवर मी अंगनात.)

अमरदीपनं कंपनीले फोन लावला. पोरगी म्हने, "सर, रेकॉर्डिंगमध्ये तुमचाच आवाज आहे. आता छाती अन रक्त तपासून रिपोर्ट पाठवा."

आमच्या तालुक्याच्या मालेगावले लॅबमध्ये गेलो. सुई पाह्यली अन पोट्टं खुर्चीतून उठलं. आता पाप तं माहंच. छाती फुगवून लॅबवाल्याले म्हनलं, "पयले मले टोचा. याले समजू द्या, काही होत नाही."

घंट्याभरानं कागद आले. अमरदीपची छाती साफ, रक्त एकदम चोख! पोट्टं तिथंच नाचलं. मंग लॅबवाल्यानं चष्मा काढला.

"सुंदरबाई कोन?"

"मीच थो सर," मी म्हनलं.

"आजी, साडेतीनशे शुगर हाय तुमाले. कवापासून हाय?"

मी पयले वाकून पायाचे अंगठे पाह्यले, हायेत का म्हून.

अमरदीपची पालिशी सातातच झाली. त्यानं मंग माह्यासाठी बी इचारलं. पोरीनं आकडा सांगतला, तं थो माह्याकडं पाहून म्हने, "आजी, तुले इकलं तरी एवढे येत नाही."

आता साखरेचा डबा सुनेच्या कंट्रोलमध्ये.

घे, पे चहा. खरं वाटलं ना तुले? मंग तोंड कायले वाकडं करतं, मी रोज पेतो. अन आयक, निता वावरात हाय तवर सांग, खिशात एखांदा पेढा-गिढा? नाही?

मंग बसला कायले इथी? जा आता!