पहिल्याच नावाला सगळ्या ड्युट्या

हिर्डोशीच्या लग्नाहून दोन दिवसांनी भोरला परतलेल्या हीनाने फरहानला कडेवरून न उतरवताच कॉम्प्युटर लावला आणि पहिली मेल वाचून ती मटकन खुर्चीत बसली. कोकणातल्या एका नर्सबाईंनी लिहिलं होतं, "ताई, या महिन्यात एकतीसही दिवस ड्युटी मलाच लागलीय. माझं काही चुकलं का?"

ड्युट्या सारख्या वाटून देणारा हीनाचा प्रोग्राम फुकट होता, खुला होता. कुणीही घ्यावा, आतला कोड वाचावा, दुरुस्ती सुचवावी. मूळ प्रतीत ती दुरुस्ती चढवायचा अधिकार मात्र एकट्या हीनाचा. फरहानप्रमाणेच प्रोग्रामही ती कुणाच्या हाती देत नसे. आणि लग्नाला निघायच्या घाईत तिनेच चढवलेल्या बदलाने यादीतल्या पहिल्या नावाला सगळ्या ड्युट्या वाटल्या होत्या.

दुसरी मेल ब्राझीलच्या अग्निशमन केंद्राची. तिथे पहिलं नाव खुद्द साहेबांचं होतं. ते एकटेच बंबापाशी बसून होते. बाकीचे अठरा जण घरी, मजेत.

तिसरी मेल अधूनमधून दुरुस्त्या सुचवणाऱ्या नागपूरच्या शेफालीची. बदल चढला त्याच संध्याकाळी तिने चूक हेरून दुरुस्ती पाठवली होती. दोन दिवस ती दुरुस्ती हीनाच्या होकाराची वाट बघत पडून होती. हीनाने होकार द्यायला हात पुढे केला आणि वीज गेली.

"आता चार वाजेपर्यंत बोंब," खातून सासूबाई म्हणाल्या.

"अम्मी, बाराला बावीस दवाखान्यांची नवी ड्युटीपत्रकं निघतात!"

"मग त्या नागपूरच्या पोरीला फोन लाव," झुल्फिकार सासरे दारातून म्हणाले.

"पासवर्ड सांगू, अब्बा? मी तिला कधी पाहिलंसुद्धा नाही."

"म्या चोवीस वर्सं हिर्डोशीची मुक्कामाची यष्टी चालवली. रजेवर गेलो की स्टेअरिंग बदली ड्रायव्हर कुंडलिकच्या हातात. गाडी उभी ऱ्हायली न्हाई."

"आणि त्याने आदळली असती तर?"

"तर डेपोनं निस्तरलं असतं. उभ्या गाडीनं कोन घरी पोचतंय?"

एका हातात रिसीव्हर, दुसऱ्यात पासवर्डची वही. फरहानला तिसरा हात नव्हता. नाइलाजाने हीनाने त्याला सासूबाईंकडे दिलं. तो रडेल म्हणून ती थबकली. त्याने मागे वळूनही पाहिलं नाही.

पावणेबाराला शेफालीचा फोन आला. "ताई, चढवलं! आता… प्रोग्रामच्या मालकांच्या यादीत माझं नाव घालू? तुमच्या खाली?"

हीनाने वही मिटली. "खाली कशाला? शेजारी घाल."

"कॉलेजात सांगते ना, भोरच्या हीनाताईंबरोबर काम करते, तर कुणाला खरंच वाटत नाही!"

हीनाने पदर सावरला. फोनवर दिसत नव्हतं तरी.

चारला वीज आली. नर्सबाईंना चार सुट्ट्या लागल्या होत्या. ब्राझीलच्या अठरा जणांनी मात्र चुकलेलाच प्रोग्राम परत मागितला होता. हीना शेफालीची दुरुस्ती तिसऱ्यांदा ओळ न् ओळ तपासत बसली, तसे झुल्फिकार खो खो हसू लागले.

"हसताय काय?" सासूबाई फणकारल्या. "रजेच्या दिवशी तुमीच स्टँडवर जाऊन बसायचा की, कुंडलिक गाडी येळेवर काढतो का बघायला!"

हीना गर्रकन वळली. "मग अब्बा? काढायचा येळेवर?"

"एक मिनिट हिकडं न्हाई का तिकडं न्हाई." झुल्फिकारांनी मिशीवरून हात फिरवला. "त्याला शिकवला कुनी व्हता?"