अ‍ॅडजस्ट न होणारे हुक्केरीअण्णा

हुक्केरीअण्णांना नुसतं "येतो" म्हटलेलं चालत नाही. आमच्या ऑफिसातल्या मराठी मंडळींचा जेवणाचा एक ग्रुप आहे. त्यावर कुणी "जेवायला येतो" असं टाकलं, की अण्णांचं उत्तर आलंच: "कर्ता कुठाय?" कोण येतो? तू येतोस, की तुझा साहेब येतो? मराठीत 'मी'लाही 'येतो' आणि 'तो'लाही 'येतो', तेव्हा आधी कोण ते लिहा आणि मग खुशाल या. मी 'येते' टाकलं तरी तेच, म्हणून एकदा वैतागून म्हटलं, "अहो अण्णा, मेसेज माझ्या नंबरवरून आलाय, म्हणजे मीच येणार ना?" तर म्हणाले, "हे तू मला ओळखायला लावलंस, पुणेकर. ओळखून घेणं हे माझं काम न्हवं."

'पुणेकर' म्हणजे मी. आणि अण्णा म्हणजे सदानंद हुक्केरी, मूळचे निपाणीचे, पन्नाशीचे, व्हाइटफील्डच्या आमच्या कंपनीत कंपायलर बनवतात. कंपायलर म्हणजे काय ते सांगून टाकते, नाहीतर पुढे घोळ होईल. माणसाने लिहिलेला प्रोग्राम यंत्राला समजेल अशा भाषेत करून देणारा तो एक दुभाषी. आमच्या कंपनीची स्वतःची एक प्रोग्रामिंगची भाषा आहे आणि तिच्या या दुभाष्याला अण्णांनी पोटच्या पोरासारखं वाढवलंय. वर्षातून एकदा त्याची नवी आवृत्ती निघते. नवीन सोयी कोणत्या, जुनं काय बदललं, हे सगळं ग्राहकांना कळवायचं असतं. ते लिहिण्याचा पगार मी घेते.

अण्णांनी मात्र हा बदल कळवण्याचा प्रकार रोजच्या वागण्यातही आणलाय. एकदा त्यांनी कँटीनमध्ये जाहीर केलं, "वागणुकीतला बदल. मी चहात साखर घेणार न्हाई. या आठवड्यात घातलीत तर फक्त वॉर्निंग. पुढच्या आठवड्यापासून एरर." कँटीनच्या मंजुनाथने हे हसण्यावारी नेलं. पुढच्या सोमवारी भरलेला कप घेऊन अण्णा काउंटरवर परत हजर. मिशी ठेवली तेव्हा तीही 'नवीन सोय' म्हणून जाहीर झाली. लोक फार हसले तेव्हा "प्रायोगिक होती" म्हणून त्यांनी ती मागे घेतली.

असा माणूस बेंगळुरात राहतो, हीच मुळात गंमत. हे शहर "स्वल्प अ‍ॅडजस्ट माडी" या मंत्रावर चालतं. बसमध्ये दोघांच्या बाकावर तिसरा टेकतो, घरमालक सांगितलेल्यापेक्षा लहान खोली देतो, आणि सगळे 'थोडं जुळवून घ्या' म्हणत सुखाने नांदतात. अण्णा सोडून. एका रिक्षावाल्याने त्यांना अलीकडच्याच गेटपाशी उतरवायला घेतलं. "स्वल्प अ‍ॅडजस्ट माडी, सार." "अ‍ॅडजस्ट इल्ला," म्हणून अण्णा आत बसून राहिले. शेवटी त्या बिचाऱ्याने लांबून वळसा घालून त्यांना बरोबर आमच्या पायरीशी आणून सोडलं. अण्णा त्याचे आभार मानून उतरले आणि मीटिंगला उशिरा पोचले.

माझी आई पुण्याहून आली होती, तेव्हा तिला ऑफिस दाखवायला नेलं. ती आपली साधेपणाने म्हणाली, "तुम्हीच का ते कंपाउंडरसाहेब? लेक फार सांगते तुमच्याबद्दल." मी डोळे मिटून घेतले. अण्णांनी खुर्ची ओढली आणि सुरुवात केली, "काकू, कंपाउंडर पुड्या बांधतो. कंपायलर..." आईचा चहा गार झाला. घरी येऊन ती म्हणाली, "माणूस चांगला आहे गं, पण घरी कोण ऐकून घेतं याचं?" ते मलाही माहीत नव्हतं. त्यांनी लग्न केलं नव्हतं एवढं मी ऐकून होते. काहीही पेटलेलं असो, साडेपाच वाजले की अण्णा उठणार आणि येलहंक्याला घरी पळणार. का, ते विचारायची कुणाची टाप नव्हती. त्यांच्या बोटांना मात्र नेहमी तुरटीचा वास यायचा, आणि त्यावर आम्ही जेवताना बरेच तर्क लढवायचो.

यंदाच्या आवृत्तीत नव्या सोयी पुष्कळ होत्या, पण खरा तंटा एकाच बदलावरून पेटला. आमचा जुना कंपायलर होता भिडस्त. आकड्याच्या जागी कुणी मजकूर दिला, तरी तो मुकाट्याने त्यालाच आकडा समजायचा आणि पुढे जायचा. अण्णांना हे कायमचं बंद करायचं होतं. "जो जे न्हाई, त्याला ते समजून पुढं जायचं, हे लबाडीचं काम हाय," असं ते टेबलावर बोट आपटून सांगायचे. या एका बदलासाठी ते कित्येक वर्षं भांडत होते. आता तो होणार, तर मॅनेजर घाबरला. जुन्या ग्राहकांचे प्रोग्राम एका रात्रीत बंद पडतील की! त्याने मधला मार्ग काढला: बदल करा, पण जुनं वागणं चालू ठेवायचं एक बटण द्या. अण्णा म्हणाले, "माझ्या हयातीत न्हाई." आणि दुसऱ्या दिवसापासून रजेवर गेले. फोनही उचलेनात. सोमवारी निर्णय द्यायचा होता. त्यांनी हो म्हटलं नाही, तर मॅनेजर अख्खा बदलच काढून टाकणार होता. तेव्हा शनिवारी संध्याकाळी मला येलहंक्याला धाडण्यात आलं.

दार अण्णांनीच उघडलं. खांद्यावर टॉवेल, हाताला साबणाचा फेस. मला बघून दचकले आणि हळूच म्हणाले, "ये. पण आत मला अण्णा म्हणू नकोस."

"मग काय म्हणू?"

"काहीच म्हणू नकोस."

आत खिडकीपाशी खुर्चीत एक अगदी वाळलेले आजोबा बसले होते, अर्ध्या गालाला फेस लावलेले. अण्णांचे वडील. निपाणीच्या पोस्टात मास्तर होते, हे मला मागाहून कळलं.

"बसप्पा, कोण रे?" आजोबांनी विचारलं.

"गिऱ्हाईक हाय, मास्तर. थांबतंय." अण्णांनी ब्रश फिरवायला सुरुवात केली.

"थांबू दे. माझी नीट कर. उद्या रविवार. माझा सदू येतो म्हणालाय. बेंगळुरात असतोय, ठावं हाय न्हवं तुला?"

"हौदु, मास्तर," अण्णांनी कानडीत हो म्हटलं.

"कंपाउंडर हाय. लई मोठा कंपाउंडर. डॉक्टर लोकबी त्याला विचारून औषध देत्यात."

मी सवयीने डोळे मिटून घेतले. आता अण्णा खुर्ची ओढणार आणि पुड्या कोण बांधतो ते सांगणार. पण काही झालं नाही. डोळे उघडले तर अण्णा वडिलांची हनुवटी दोन बोटांनी वर करत होते. "हौदु, मास्तर," एवढंच म्हणाले. "हुशार हाय पोरगा."

"त्याला कधी म्हटलं न्हाई बघ मी तसं," आजोबा म्हणाले. "शेफारला असता."

अण्णा गरम पाणी आणायला म्हणून स्वयंपाकघरात गेले. मी मागोमाग गेले. बसप्पा म्हणजे गावचा न्हावी, रोज घरी येऊन दाढी करायचा, हे त्यांनी सांगितलं. तो जाऊनही खूप वर्षं झाली होती.

"तुम्ही सांगत का नाही त्यांना, की मीच सदू म्हणून?"

"सांगितलं की. पहिल्यांदा एररच दिला." ते पातेल्यातल्या पाण्यात बोट घालून बघत होते. "घाबरले गं. 'माझा सदू एवढा म्हातारा हाय होय?' म्हणाले. कोण परका घरात शिरलाय म्हणून खिडकीतनं हाका मारायला लागले. आठवडाभर ताप होता, आत्ता कुठं उतरलाय, तरी तेच. मुलगा म्हणून गेलो तर हात लावू देत न्हाईत. बसप्पा झालो की आपणहून गळा पुढं करतात."

मॅनेजरचा निरोप तसाच पोटात ठेवून परत जावं, असं मला वाटलं.

"कशाला आलीस ते सांग," अण्णा म्हणाले. "कर्ता, कर्म, सगळं."

सांगितलं. त्यांनी गॅस बंद केला.

"द्या म्हणावं ते बटण. नवीन लिहिणाऱ्याला एरर, त्यात सूट न्हाई. पण जुन्यांना चालू दे."

"आणि जुन्यांना वॉर्निंग?"

"ती बी नको. ते लिहिलेली माणसं आता कुठं सापडणार दुरुस्त करायला? स्वल्प अ‍ॅडजस्ट करायचं."

हे शब्द अण्णांच्या तोंडून! मी घाईघाईने मोबाइलवर टिपून घेतलं. "त्या बटणाला नाव काय द्यायचं?"

"बसप्पा!" बाहेरून हाक आली. "मेलास काय रे?"

अण्णा माझ्याकडे बघून हसले. "झालं की नाव," म्हणाले आणि पाणी घेऊन बाहेर गेले.

दाढी झाली. त्यांनी तुरटीचा खडा ओला करून वडिलांच्या गालांवरून हलक्या हाताने फिरवला, टॉवेलने तोंड टिपलं, कानामागचा फेस पुसला. आजोबांनी गालावरून हात फिरवून पाहिला. खूश होते. मग एकदम त्यांचा चेहरा उतरला.

"बसप्पा," ते म्हणाले, "खरंच येतो का रे उद्या?"

अण्णा टॉवेलची घडी घालत होते. ती त्यांनी पूर्ण घातली.

"येतो की, मास्तर," ते म्हणाले.

कोण, ते त्यांनी सांगितलं नाही.