कच्च्या गेममधले सत्तारचाचा

सत्तारचाचा तलवारबाजीचा गेम खेळायला बसले की आधी त्यातल्या दाराची चौकट तपासायचे. ओळंब्यात आहे का नाही ते बघायला एक डोळा मिटून पडद्याला नाक टेकवायचे. मग काचेवरचा डाग मी पुसायची.

जव्हारला माझं इंटरनेटचं दुकान नवं होतं आणि चाचा शेजारचे सुतार. तो गेम अर्धवट होता. पुण्याच्या दोघा पोरांनी बनवायला घेतलेला. 'खेळा आणि काय बिघडलंय ते कळवा' असं लिहून त्यांनी लोकांना आत सोडलं होतं. ठाण्या-नाशकाचे खेळाडू लढाईच्या आशेने यायचे. आत बघावं तर एक गाव आणि भिंती. शत्रू अजून बनायचा होता.

ते चिडून विचारायचे, "लढाई कुठाय?"

चाचा मला सांगायचे, "लिही, काम चालू आहे. बस जरा. जेवलास का?"

मी मुकाट टाइप करायची. पलीकडून यायचं, "हा कोण येडा?"

चाचांचं एकच पालुपद: "चौकट पहिली, भिंत मागनं." आमच्याकडे चौकट उभी केली की नारळ फुटतो, सुताराला टॉवेल-टोपी मिळते, मगच गवंडी पुढे सरकतो. चाचा मुसलमान, पण घरमालक नारळ विसरला तर स्वतः आणायला धावायचे. आणि गेममध्ये? सरळ भिंतीला भोक! त्यांनी पुण्याला कळवलं, "आधी नारळ फोडा."

पोरांना वाटलं, वा, भारी कल्पना. पुढच्या खेपेला दारोदार नारळ आले. खेळाडू ते फोडून आत तलवार शोधायला लागले.

"फोडतात ना? मग झालं," चाचा म्हणाले.

हळूहळू गेममध्ये माणसं टिकली. घर कुठं बांधू, दार कुठल्या अंगाला ठेवू, सगळं चाचांना विचारायची. इकडे खुर्ची-पाटवाली गिऱ्हाइकं ताटकळायची आणि शिव्या मी खायची.

मग पुण्याहून निरोप आला. शत्रू तयार आहे. गेममधल्या चाचांच्या घराचं दार अडतं, एवढी एकच तक्रार उरली होती, तीही दुरुस्त केली. बघून सांगा. तुम्ही हो म्हणालात की हे कच्चं गाव पुसून खरा गेम सुरू करतो.

चाचांनी दार उघडलं, लावलं. लोण्यासारखं फिरलं.

"लिही, अडतंय."

"अहो चाचा, कुठं अडतंय? काहीतरीच!"

ते पडद्याकडेच बघत राहिले. "बेटी, तिघा पोरांसाठी तीन खोल्या बांधल्या मी. काम चालू होतं तोवर तिघं इथंच होते, रंधा मारायचे, भांडायचे, एका ताटात जेवायचे. शेवटचं दार बसवलं आणि एकेक करून गेले, कोण भिवंडीला, कोण मुंब्र्याला. घर पुरं झालं ग, पण बोलायला माणूस नाही. इथं चार जण विचारतात तरी मला."

मी त्यांच्याकडे न बघता टाइप केलं, "दार अजून अडतंय. वरच्या बाजूला." आणि माझ्या मनाने पुढे जोडलं, "खिडक्याही एकदा बघाव्या लागतील. सगळ्या."