सिंहाच्या तोंडात टॉवेल

आमचे दाजी कुठल्याही गावात शिरले की आधी एकच बघतात : हे गाव जिल्हा होण्याच्या लायकीचं आहे का? लातूर उस्मानाबादेतून फुटून जिल्हा झालं, तेव्हापासून "आता नंबर उदगीरचा" म्हणून ते बसलेत. तोवर बाकीच्या गावांना नापास करायचं काम त्यांनी स्वतःकडे घेतलंय. अहमदपूर? "बाजार बरा हाय, पन किल्ला न्हाई." रेणापूर? "तालुका दिला तेच लई झालं."

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. उदगीरला त्यांचं भुसार दुकान. अक्का गेली आणि वर्षभरात फ्रान्समधून त्यांच्या मुलीचा, गौरीचा, मला फोन आला. "मामा, आप्पांना घेऊन या. मी त्यांना इथंच ठेवून घेते. तुम्ही फक्त राजी करा." लातूरला रेल्वेनं पाणी आणायची पाळी आली होती, ते वर्ष. मला वाटलं, यात राजी काय करायचं? पाण्याच्या गावाला कोण नाही म्हणतंय! दाजींना मी अजून ओळखत नव्हतो म्हणायचं.

गौरीच्या त्या गावाचं नाव काही माझ्या जिभेला वळत नाही. टेकडीवर जुनी तटबंदी, आत दगडी बोळ, खिडक्याखिडक्यांत फुलं. दुपारी सगळं गाव डोळे मिटून पडायचं. कुठंतरी घंटा वाजायची आणि तिचा आवाज खालच्या शेतांवर बराच वेळ रेंगाळायचा. मला तर आपण झोपेतच चालतोय असं वाटे. दाजी मात्र खांद्यावर टॉवेल टाकून पाहणी करत होते. "किल्ला हाय. बाजार हाय. पन कलेक्टर बसंल कुठं? एसटी स्टँड न्हाई. तालुकाच ऱ्हाऊ द्या."

मग चौक आला. तिथं दगडी हौदात सिंहाच्या तोंडातून पाणी पडत होतं. दाजी थबकले.

"शिव शिव! आवो, कुनी तोटी उघडी टाकून गेलं की!"

हौदाभोवती चकरा मारल्या, वाकून खाली बघितलं, तोटी काही सापडेना. पंधरवड्यातून एकदा नळ येणाऱ्या गावचा माणूस, त्याला कुठला धीर निघतोय? मी "दाजी, अहो दाजी" म्हणेपर्यंत त्यांनी टॉवेलचा बोळा करून सिंहाच्या तोंडात कोंबला. पाणी चहूबाजूंनी उडालं. दाजी भिजले, मी भिजलो, पाव घेऊन निघालेली एक म्हातारी पावासकट भिजली. ती ओरडायला लागली तसे दाजी हात जोडून म्हणाले, "बाई, तुमचंच पानी वाचवायलोय!" बाईला काय कळलं कोण जाणे, पण ती हसत सुटली.

गौरीनं समजावलं, डोंगरातला झरा आहे, कित्येक पिढ्या असाच वाहतोय.

"रातीबी?"

"रात्रीही, आप्पा."

दाजी काठावर बसले, पाण्यात हात सोडला आणि उन्हं कलेपर्यंत तसेच बसून राहिले. पुढं रोजच बसू लागले, डोळे अर्धे मिटून. मी गौरीला म्हटलं, "झालं तुझं काम. रमले."

परतीच्या आदल्या दिवशी सकाळी तिनं विचारलंच. "आप्पा, राहता ना इथं?"

दाजींनी कप खाली ठेवला. "गाव लई ग्वाड हाय, बाळा. पन हितं तुझ्या आईला वळखनारं कोन हाय? उदगीरला भाजीवाली म्हनती, अक्का मेथी कशी निवडून घ्यायच्या. शिंपी म्हनतो, अक्कांचा आवाज गल्लीभर जायचा. दिसातून एकदा तरी तिचं नाव कानावर पडतं. हितं आल्यापास्नं कुनी काढलं न्हाई. तूबी न्हाई."

गौरीचा चेहरा उतरला. "तुम्ही रडाल म्हणून, आप्पा. रोज ओठांवर यायचं."

"मग रडू दे की. बाप हाय मी तुझा, पाव्हना न्हाई."

गौरी उठून त्यांच्या शेजारी जाऊन बसली. "आई असती तर..." एवढंच म्हणाली. दाजींनी तिचं डोकं मांडीवर घेतलं, आणि पुढचं ते स्वतःच सांगत बसले.