केंद्राध्यक्षांचं पहिलं मत

ही २०२३ सालची गोष्ट. दादाराव एकाहत्तराव्या वर्षी पत्नी रमाबाईंसह अमेरिकेचे नागरिक झाले आणि मुलाच्या, विवेकच्या, बॉथेल गावातल्या घरी दोघांच्या पहिल्या मतपत्रिका पोस्टाने आल्या. प्रश्न असा होता, की काउंटीतली, म्हणजे जिल्ह्यातली, गावोगावची छोटी कोर्टं बंद करून एकच मोठं कोर्ट करावं का?

दादाराव नागपूरकडे हेडमास्तर होते, सहा निवडणुकांत केंद्राध्यक्ष होते. त्यांनी माहितीपुस्तिका दोनदा वाचली, बाबासाहेबांच्या फोटोकडे पाहिलं आणि ‘हो’वर खूण केली. पाकिटावर मात्र सहीसाठी रेघ होती.

“मताबरोबर सही? आमच्याकडे नाव दिसलं की मत बाद! सुतळीने गठ्ठे बांधलेत मी असल्या मतांचे.”

“अहो, सही पाकिटावर करायची आहे,” रमाबाई म्हणाल्या.

“गुप्त मतदान म्हणजे गुप्त मतदान!” दादारावांनी रेघ कोरीच ठेवली आणि दोघांची बंद पाकिटं मतपेटीत टाकून आले.

आठवड्याने पत्र आलं. सही नसल्याने मत मोजता येत नाही, सोबतचा फॉर्म सही करून मुदतीत द्या.

“नागरिकत्व जाईल का गं?”

“सही करा अन् द्या पाठवून.”

“पोस्टाने आलेल्या कागदावर सही करायची नाही, असं विवेकनेच बजावलंय. फ्रॉड असला तर?”

“मग त्यालाच विचारा.”

“अन् काय सांगू? केंद्राध्यक्षाचंच मत बाद झालं?”

पत्र उशीखाली गेलं. दाराची बेल वाजली की दादाराव आधी पासपोर्ट हुडकत. शेवटी नातीने, हर्षिताने, उशीचा अभ्रा बदलताना ते पाहिलं.

“आजोबा, टुडे इज द लास्ट डे!”

विवेकने गाडी काढली. “बाबा, मला सांगायचं ना यार!” दादारावांनी तीनदा सराव करून सही केली, फॉर्म निवडणूक कचेरीत दिला आणि परतताना पहिल्यांदा मोकळा श्वास घेतला.

“चला, आपली दोन्ही ‘हो’ मोजली जाणार.”

“एकच,” रमाबाई म्हणाल्या. “माझं ‘नाही’ होतं. सही केलेली होती मी, केव्हाच मोजलं असेल. गाडी चालवता न येणाऱ्या माणसाने लांबच्या कोर्टात जायचं कसं?”

“म्हणजे माझं मत तू खोडलंस? अगं, चाळीस वर्षं आपण दोघं एकाच—”

“गुप्त मतदान म्हणजे गुप्त मतदान.”

प्रस्ताव पडला. दादाराव आता समोर येईल त्या कागदावर सही करतात. त्यांनी लावून घेतलेली दोन मासिकं विवेकला कॅन्सल करावी लागली. अठरा पूर्ण होताच हर्षिताचं नाव मतदार यादीत लागलं. रमाबाई आपलं पाकीट स्वतःच पेटीत टाकतात.

पुढच्या वसंतात दादारावांना ज्यूरीसाठी बोलावणं आलं, गावातल्याच छोट्या कोर्टात. कोट घालून ते चालत गेले. तेरा मिनिटं लागली. घरी मात्र त्यांनी वीस सांगितली.