सोनमबाईंच्या माघारीची मोहीम फत्ते जाहली तो मजकूर

प्रथम नमन तथागतास, ज्यांनी राग आवरावा म्हणोन सांगितले, दुसरे पंचगंगामाईस, तिसरे चिंचबाग तालमीच्या तांबड्या मातीस, जी एकदा कानात गेली की जन्मभर निघत नाही. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सरी, श्रावणापासोन कार्तिकापावेतो करवीर मुलखी जी धामधूम जाहली, हलग्या फुटल्या, फ्लेक्स चढले आणि उतरले, युरोपखंडीच्या मातबर दौलती एकामागून एक हटल्या, आणि अखेरीस सोनमबाईंनी माघार घेऊन फत्ते संपादिली, ती हकीकत लोक भलतीच सांगतात. कोणी म्हणतो पोर भ्याली, कोणी म्हणतो व्हिसा बुडाला. लोकांच्या तोंडास टाळे कोणी लावावे? सबब खरे वर्तमान लिहितो. वाचणाराने आधी चहा सांगावा, मग बसावे.

सोनमबाई म्हणजे राजश्री प्रसेनजीत, जे तंत्रनिकेतनात पोरांस यंत्रविद्या शिकवितात आणि घरी कोणास काही शिकवू धजत नाहीत, त्यांची एकुलती कन्या. बालपणी पायास चाके बांधोन बागेच्या वाटेवर धावत होत्या आणि फिरावयास आलेल्या म्हाताऱ्यांची फळी फोडीत होत्या. मग कोणी सांगितले की ऐसेच बर्फावर पोलादी पात्यांनी करितात, त्यास फिगर स्केटिंग म्हणतात, गाण्यावर फिरावे, हवेत गिरक्या घ्याव्या, आणि आपटल्यास हसत उठावे. आता करवीरी बर्फ म्हणजे सरबताच्या गाड्यावरला. सबब बाई उत्तरेस दिल्लीप्रांती गेल्या, तेथे एका थोर बाजारमहालाच्या पोटात बर्फाचा चौक आहे, तेथे उस्तादबाईंपाशी राहोन हाडे शेकीत विद्या साधिली, आणि परदेशी स्वारीस लायक जाहल्या. कुल पेठेत हे काय प्रकरण आहे ते कोणास कळत नव्हते, परंतु अभिमान सर्वांस होता.

त्या बर्फाच्या राज्याचा दस्तूर ऐसा की मोसमाच्या आरंभी, भाद्रपदाच्या सुमारास, युरोपात जागोजाग लहान लढाया होतात, आणि हरएक खेळाडू चार ठिकाणी नाव दाखल करितो आणि एके ठिकाणी जातो. बाकीची नावे वेळेवर काढून घेतात. कोणाचा घोटा दुखतो, कोणाचे गाणे बदलते, कोणाचे बूट रुसतात. यात लाज नाही, शरम नाही, कोणी कोणास विचारीतही नाही. सोनमबाईंचे नाव उस्तादबाईंनी तीन ठिकाणी घातले होते, पहिले स्लोव्हाकियात, दुसरे लाटव्हियात, आणि तिसरे जर्मन मुलखी. मसलत ऐसी की पहिली दोन सोडावी आणि तिसरीस सर्व बळ लावावे. कारण की पुढे चार खंडांच्या अजिंक्यपदाची मोठी स्वारी होती, तिचा दरवाजा किमान गुण मिळविल्यावाचून उघडत नाही, आणि ते गुण बाईंस तिसऱ्या ठिकाणी मिळवावयाचे होते. त्यात नवे बूट आले ते लाकडाच्या ओंडक्याहून कठीण, आणि त्यांनी डावा घोटा सुजविला, सबब बाई विसाव्यास करवीरी घरी आल्या. घोटा तिसऱ्या लढाईपावेतो राखला तर मोसम होता. न राखिला तर वर्ष पाण्यात.

येथवर सर्व ठीक चालले होते. परंतु शेजारी वस्ताद हंबीरराव राहतात हे नियतीने ध्यानात ठेविले होते.

वस्ताद हंबीरराव हे चिंचबाग तालमीचे सर्वेसर्वा, छातीने रुंद, आवाजाने त्याहून रुंद. सोनमबाईंस त्यांनी लहानपणी खांद्यावर घेऊन कुस्त्यांची मैदाने दाखविली होती, आणि तिच्या खुराकासाठी आजही सकाळी म्हशीचे धारोष्ण दूध पोहोचवीत होते. त्यांनी स्लोव्हाकियाच्या लढाईची नामावळी मोबाईलवर पाहिली. नावे देशवार लाविली होती, सबब हिंदुस्थानच्या सोनमबाईंच्या बरोबर वर हंगेरीची कोणी इलोनाबाई होती. आणि वस्तादांनी जन्मभर कुस्तीच्या जाहिराती वाचिल्या असल्याकारणे त्यांस वाटले की जोड लागली. सोनम विरुद्ध इलोना! मग काय विचारता. दुसरे दिवशी चौकात फ्लेक्स उभा राहिला, त्यावर तालीम कमिटीचे कुल सरदार गॉगल लावोन, मध्ये वस्ताद फेटा बांधोन, आणि कोपऱ्यात तिकिटाएवढ्या सोनमबाई, खाली मजकूर की करवीरची वाघीण हंगेरीस आसमान दाखविणार. बाई चौकातून जाता तोंडावर ओढणी घेऊन जात्या जाहल्या.

"काका, जोड बीड काय नसती तिथं. एकेकटीनं जायचं, नाचायचं, यायचं," म्हणोन त्यांनी वस्तादांस सांगितले.

"आसू दे की. नाचूनच चीत कर," ऐसा हुकूम जाहला.

पुढे चार दिवसांनी खबर आली की हंगेरीच्या इलोनाबाईंनी नाव काढून घेतले. वस्तादांनी ते वर्तमान ऐकोन मांडीवर शड्डू ठोकिला, तो पलीकडच्या गल्लीत ऐकू गेला. हलगी आणविली, घुमके आणविले, पेढे वाटिले, आणि हंगेरी न लढता चारी मुंड्या चीत जाहली ऐसे जाहीर केले. मग कोरियाची एक गळाली, पुन्हा हलगी. मग इटलीची गळाली, पुन्हा हलगी, आणि यावेळी तांबडा-पांढरा रस्साही. राजश्री प्रसेनजीत यांनी दबकत सांगोन पाहिले की या बाया आपल्या पोरीस भिऊन नव्हे, आपापल्या कारणांनी जातात, ऐसा रिवाजच आहे. तो वस्ताद म्हणाले की मास्तर, तुम्ही सर्वांचे भले चिंतिता, परंतु दुष्मन भ्याला आहे हे मान्य करावयास काय जाते? त्यावर प्रसेनजीत रस्सा वाढून घेते जाहले.

आता पेच ध्यानी घ्यावा. इकडे युरोप सोनमबाईंस भिऊन रिकामा होतो आहे ऐसी कुल पेठेची खात्री, आणि तिकडे स्वतः सोनमबाईंचे नाव काढावयाची मुदत उंबऱ्यावर आलेली. बाई धीर करून तालमीत गेल्या, आणि घोटा दाखविला, आणि जर्मन मुलखीची मसलत सांगितली, आणि मी पहिल्या दोन ठिकाणी जाणार नाही म्हणोन बोलल्या. तालमीत जोर काढणारा अर्ध्या जोरात थांबला.

"आगं पोरी, पोस्टरवर नाव आलं की मैदानात उतराय लागतंय. ताप आसू दे, न्हायतर घरात लगीन आसू दे. आमच्यात मैदान सोडल्यालं नाव तीन पिढ्या पुसत न्हाय. लोक माझ्या तोंडाव थुकतील की!"

ऐसे वस्ताद बोलले, आणि त्यांचे डोळे भरोन आले, आणि खरे सांगावयाचे तर पोरीस तेच फार लागले. रागे भरते तर ती भांडती, परंतु ज्या खांद्यावर बसोन मैदाने पाहिली तो खांदा पडलेला तिच्याने पाहवेना. घरी येऊन न्हाणीत कोंडोन घेतले आणि नळ सोडोन रडली. मग नाक पुसोन उस्तादबाईंस फोन करून सांगितले की मी स्लोव्हाकियास जाते, काय व्हायचे ते होवो. उस्तादबाई उत्तर हिंदुस्थानी, त्यांनी जे शब्द उच्चारिले ते बखरीत लिहिण्याजोगे नाहीत.

त्याच समयी कोडोलीहून आक्काताई एस.टी.ने दाखल जाहल्या. या प्रसेनजीतांच्या थोरल्या भगिनी, ऊस आणि दोन म्हशी एकटीने सांभाळणाऱ्या, सरपंचासही अरे-तुरे करणाऱ्या. त्यांनी भाचीचा घोटा पाहिला, जो एव्हाना कवठाएवढा होता, चौकातला फ्लेक्स पाहिला, भावास विचारिले की तू बाप आहेस की पावणा, आणि उत्तराची वाट न पाहता पायात चपला सरकावून तालमीकडे कूच केले. मागोमाग सोनमबाई लंगडत, "आत्ती, ऱ्हाऊ दे गं, काकांला काय बोलू नगंस," ऐशी विनवणी करीत. तालमीत बाईमाणसाने येऊ नये ऐसा जुना नेम होता. तो आक्काताईंस कोणी सांगितला नाही, सांगावयाची छातीही कोणास जाहली नाही.

"हंबीर, बाहीर ये," म्हणोन त्यांनी दारातूनच हुकूम सोडिला. वस्ताद लंगोटावर टॉवेल गुंडाळोन हाजीर जाहले.

"व्हय रे, ती हंगेरीची पोरगी ऱ्हायली तवा तू पेढं वाटलंस. तिचा बी पायच दुखत आसंल की. तिच्या गावात तिला कोन पळपुटी म्हनलं व्हय?"

"त्यास्नी लाज न्हाय आक्का. आपल्यात तसं न्हाय."

"आपल्यात न्हाय?" आक्काताईंनी पदर खोचिला. "दरसाल आषाढात ही सगळी पोरं घिऊन पन्हाळ्यावरनं विशाळगडाकडं चालत जातोस. पायाला जळवा लावून घेतोस. कशापायी रं? त्या वाटनं म्हाराज गड सोडून गेलं म्हणूनच न्हवं? मग सांग की पोरास्नी, म्हाराज मैदान सोडून गेलं म्हणून!"

"तोंड सांभाळ आक्का!" वस्तादांचा चेहरा लालबुंद जाहला.

"मी सांभाळलंय. तू डोस्कं सांभाळ. पुढचा गड गाठायचा हुता, म्हणून मागचा सोडला. त्येला पळनं म्हणत न्हाईत, आक्कल म्हणत्यात. माझ्या पोरीचा गड जर्मनीत हाय. स्लोव्हाकियात पाय मोडून बसली, तर तितं काय तू नाचनार हाईस?"

वस्ताद हंबीरराव यांनी पुष्कळ मल्ल पाहिले, परंतु ऐसा डाव पाहिला नव्हता. खाली पाहिले, वर पाहिले, मिशीस हात नेला आणि माघारी आणिला. मग हळूच सोनमबाईंच्या समोर उकिडवे बसले, सुजला घोटा हातात घेतला, आणि प्रथमच नीट पाहिला, कारण की आजवर त्यांनी नामावळी पाहिली होती, दाखविलेला पायही पाहिला नव्हता. "लई दुखतंय व्हय गं? आधी सांगायचं न्हाईस?" म्हणाले. "सांगितलं की, काका," ऐसे बाई बोलल्या. "मग जोरात सांगायचं," म्हणोन त्यांनी तिच्यावरच ठपका ठेविला, आणि तेलाची बाटली आणवोन स्वहस्ते घोटा चोळो लागले. तालमीत पुन्हा जोर-बैठका सुरू जाहल्या.

मग वस्ताद उठले आणि फर्माविते जाहले की माघार घ्यावयाची तर चोरासारखी घेऊ नये, करवीरी इतमामाने घ्यावी. सबब दुसरे दिवशी सायंकाळी तालमीच्या अंगणात मांडव जाहला. सोनमबाईंस फेटा बांधिला. राजश्री प्रसेनजीत लॅपटॉप घेऊन पाटावर बसले, आणि स्केटिंग महासंघाच्या कारभाऱ्यांस अदबीने लिहिते जाहले की घोट्याचे दुखण्याकारणे पहिल्या दोन ठिकाणांहून आमचे नाव काढावे. लिहून होताच बोट उचलोन वस्तादांकडे पाहिले, वस्तादांनी आक्काताईंकडे पाहिले, आक्काताईंनी मान हलविली, आणि बटण दाबिले. हलगीने असा कहर केला की कारभाऱ्यांचा जबाब आला त्याची घंटी कोणास ऐकूच आली नाही. चौकातला फ्लेक्स उतरला आणि नवा चढला, त्यावर तेच सरदार, तेच गॉगल, आणि मजकूर की सोनमबाईंनी यशस्वी माघार घेतल्याबद्दल हार्दिक अभिनंदन. यावेळी त्यांचा फोटो वस्तादांच्या फोटोएवढा होता, आणि बाई त्याखालून तोंड उघडे ठेवोन गेल्या.

पुढे घोटा ओसरला, बूट नरमले, आणि कार्तिकात सोनमबाई जर्मन मुलखी उतरल्या. त्या दिवशी तालमीत मोठा पडदा लावोन कुल पेठ बसली होती, परंतु नेमके बाईंची पाळी येता इंटरनेटाने दगा दिला आणि पडद्यावर एक चक्र फिरत राहिले. वस्तादांनी ते चक्र हीच बाईंची गिरकी समजोन बराच वेळ वाहवा केली. मग प्रसेनजीतांचा फोन वाजला आणि तो वस्तादांनीच हिसकोन घेतला. पलीकडे सोनमबाई रडत होत्या की हसत होत्या ते समजेना.

"काका, एकदा पडले, पन उठले. मार्क आलं! पायजे हुतं त्येच्यापरास जास्तच आलं! आता चार खंडाला जायाचं!"

मार्कांचे गणित वस्तादांस ठाऊक नव्हते. त्यांस एकच शंका होती, ती त्यांनी काळजीच्या सुरात विचारिली.

"पोरी, आज कोन कोन पळालं?"

पलीकडून सोनमबाई नाक ओढोन बोलल्या.

"कोन बी न्हाय, काका. समद्या आल्यात्या. समद्यांच्या म्होरं केलं मी."

फोन आक्काताईंच्या हाती देऊन, टॉवेलात तोंड घालोन वस्ताद आखाड्याच्या काठावर जाऊन बसले, आणि हलगीवाल्याने खुणेने विचारिले तो त्यास हातानेच थांब म्हणाले. येणेप्रमाणे दोन गड सोडोन तिसरा काबीज जाहला, सोनमबाई फत्ते पावल्या, आणि चिंचबाग तालमीत त्या दिवशी हलगी न वाजता विजय साजरा जाहला, हे करवीरच्या इतिहासात प्रथमच घडले म्हणोन येथे नमूद केले असे.